गादीवाले आणि तीन मास्क

गादी विकणाऱ्याने उभं राहून बोलू नये, हे गादीवाल्यांचं पहिलं तत्त्व. आपण उभ्याने बोललो की गिऱ्हाईकही उभ्या उभ्याच निघून जातं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते बूट काढतात, दुकानातल्या गादीवर चक्क आडवे होतात आणि छताकडे बघत बोलायला लागतात. गिऱ्हाईक बाजूला उभं राहून ऐकतं. बघता बघता तेही बूट काढतं.

बोलण्यात गादीवाल्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच, बाकी जग त्यांना गादीवाले म्हणतं, आणि जगाला ते ओळखतात कारण जगाशी ते बोललेले असतात. दातांच्या डॉक्टरांनी एकदा त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे जरा जास्तच भरले होते. ते काही उपचारासाठी नव्हते, असं गादीवाल्यांच्या मुलीला अजून वाटतं. बायको म्हणते, यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि खरंच आहे ते. कुणासाठी वाढदिवसाची भेट आणली की ती काय आहे हे ते आदल्या दिवशी त्याच माणसाला सांगतात, आणि वर "मी सांगितलं असं कुणाला सांगू नकोस" म्हणून बजावतात.

त्यांचं दुसरं तत्त्व म्हणजे तीन गाद्या. गिऱ्हाईकाला एक गादी दाखवायची नाही, तीन दाखवायच्या. पहिली अशी की बसताक्षणी त्याने नाक मुरडलं पाहिजे. दुसरी अशी की किंमत ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले पाहिजेत. तिसरी आपल्याला खपवायची ती. पहिल्या दोन्हींतून सुटलेला माणूस तिसरीवर अंग टाकतो, "हीच" म्हणतो, आणि निवड आपलीच असं समजून खूश होऊन घरी जातो. दुकानात कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला गादीवाले हे पहिल्याच दिवशी ऐकवतात. वाचणाऱ्यानेही लक्षात ठेवावं, कारण पुढे याच शहाणपणाने त्यांचा घात केला.

एका दुपारी लग्न ठरलेलं एक जोडपं दुकानात आलं. पहिली गादी झाली, दुसरी झाली. गादीवाले तिसरीवर आडवे झाले, दोन्ही हात पोटावर घेतले आणि म्हणाले, "आता बघा, कुशीवर वळलं तरी पाठीचा कणा कसा..." आणि झोपले.

झोप लागणं ही काही नवी गोष्ट नव्हती. गेली काही वर्षं त्यांना कुठेही डुलकी लागायची. पुतणीच्या लग्नाच्या फोटोत सगळे हसतायत आणि मधोमध गादीवाले मान टाकून बसलेत, तो फोटो त्यांच्या बाहेरच्या खोलीत अजून लावलेला आहे. पण गिऱ्हाईकासमोर असं कधी झालं नव्हतं. जोडप्याने आधी सभ्यपणे वाट पाहिली. मग घोरणं सुरू झालं. कोपऱ्यातल्या ढिगावरची सगळ्यात वरची उशी आपोआप घसरून खाली आली, असं कॅशियर आजही शपथेवर सांगतो. आणि मग घोरणं एकदम थांबलं. थांबलं ते थांबलंच. जोडप्यातल्या मुलीने गादीवाल्यांच्या छातीकडे पाहिलं. छाती हलत नव्हती. ती दुकानाच्या मालकीणबाईंना बोलवायला धावली. बाई आपल्या खुर्चीतून उठून येतात तोच गादीवाल्यांनी विहिरीच्या तळातून वर आल्यासारखा श्वास घेतला, ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "...सरळ राहतो."

जोडप्याने गादी घेतली. माणसाला इतकी झोप लावणारी वस्तू त्यांनी आजवर पाहिली नव्हती. ते गेल्यावर मालकीणबाईंनी गादीवाल्यांना समोर बसवलं.

"विक्री झाली ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण ती पोरगी माझ्यापाशी येऊन रडली. तिला वाटलं तुम्ही गेलात. उद्या सुट्टी घ्या आणि डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरांनी त्यांना डोक्याला, छातीला आणि बोटाला वायरी लावून एक रात्र झोपवलं आणि निकाल सांगितला. झोपेत गादीवाल्यांचा घसा मिटत होता. श्वास अडकायचा, शरीर दचकून अर्धवट जागं व्हायचं, पुन्हा झोप, पुन्हा घसा बंद. रात्रभर हाच खेळ. म्हणून रात्रीची झोप दिवसा वसूल होत होती. उपाय एकच. रात्री तोंडावर मास्क लावून झोपायचं. मशीन नळीतून हवेचा हलका दाब देतं, त्याने घसा उघडा राहतो. मशीन आणि मास्क कुठला घ्यायचा ते मशीनच्या दुकानातल्या बाई बघून देतील, असं डॉक्टर म्हणाले आणि घाईने पुढच्या पेशंटला बोलावलं, कारण गादीवाले तपासणीच्या पलंगावरच्या गादीबद्दल बोलायला लागले होते.

आता घरची गोष्ट. गादीवाल्यांच्या झोपायच्या खोलीत दुकानातली सगळ्यात मोठी गादी आहे. आडवं झोपलं तरी पाय बाहेर येत नाहीत. आणि एवढ्या गादीवर गादीवाले एकटेच झोपायचे. बायको मागच्या खोलीत, इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगांच्या मधल्या अरुंद खाटेवर. ती शहरात बस चालवते. पहाटेची पहिली फेरी तिची असते, आणि बस चालवणाऱ्या माणसाची झोप पुरी व्हावी लागते. म्हणून काही वर्षांपूर्वी ती उशी उचलून मागच्या खोलीत गेली. ती परत यावी म्हणून गादीवाल्यांनी ही भलीमोठी गादी आणली. तिने हाताने दाबून पाहिली, चांगली आहे म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली.

दुकानात नव्या जोडप्यांना ते "एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याला कळत नाही" असं सांगायचे, तेव्हा त्यांना मनातून लाज वाटायची. आपल्याकडे तर एकाने बस काढली तरी दुसऱ्याला कळत नव्हतं. तिने परत यावं एवढंच त्यांना हवं होतं, आणि इतकं बोलणाऱ्या माणसाला नेमकं हे बोलता येत नव्हतं.

मशीनच्या दुकानात दोघं बरोबरच गेली. एका चष्म्याच्या दुकानावरची खोली होती. एक खाट, चार खुर्च्या, आणि भिंतीवरच्या फळीवर प्लॅस्टिकची मुंडकी ओळीने मांडलेली, प्रत्येकाला मास्क लावलेला. दुकानातल्या मशीनवाल्या बाई तरुण होत्या आणि मोजकं बोलणाऱ्या. गादीवाल्यांनी आल्या आल्या खाटेवरची गादी दाबली आणि म्हणाले, "ही बदला आधी."

"बसा ना काका," बाई म्हणाल्या. "झोपेत तोंड उघडं राहतं का?"

"जागेपणी तरी कुठे मिटलेलं असतं," बायको म्हणाली.

"आणि घोरण्याचा त्रास किती वर्षं आहे? म्हणजे तुम्हाला?"

"घोरण्याचा मला काही त्रास नाही," बायको म्हणाली. "त्याची सवय झाली होती. मला भीती वाटायची ती ते थांबायची. आवाज थांबला की मी जागी. पुन्हा सुरू होईपर्यंत मीच श्वास धरून पडायचे. मग कोपर मारायचं. मग पुन्हा डोळा लागायचा, पुन्हा तेच. सकाळी बसमध्ये मागे माणसं बसलेली असतात हो, माझ्या भरवशावर. म्हणून गेले मागच्या खोलीत. दार मात्र कधी लावलं नाही."

गादीवाल्यांनी खाटेवरच्या गादीवरचा हात काढून घेतला. त्यांना आजवर वाटत होतं की बायको आवाजाला कंटाळून गेली. दार उघडं असतं ते वाऱ्यासाठी, असाच त्यांचा समज होता. 

मशीनवाल्या बाईंनी तेवढ्यात एक मशीन आणि एक मास्क पुढे ठेवला. मशीन लागेल तसा दाब आपोआप कमीजास्त करणारं होतं. मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, मोठा, चार पट्ट्यांचा. "तुमच्यासाठी हा," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी मशीनच्या पडद्यावर चेहरा येतो. रात्र नीट गेली तर हसरा, नाहीतर पडलेला."

"हसरा चेहरा आला की त्या रात्री मी उशी घेऊन येते," बायको म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की जणू ती बसची वेळ सांगत होती. गादीवाल्यांना मात्र कानात कुणीतरी टाळी वाजवल्यासारखं झालं. आता सगळं त्या चेहऱ्यावर होतं, म्हणून निवड चुकून चालणार नव्हती. त्यांनी पुढ्यातल्या मास्ककडे बघून नाक मुरडलं. आणि नाक मुरडता मुरडता त्यांना लख्ख उजेड पडला. पहिली नाक मुरडायला. ही पोरगी आपल्यालाच आपला धंदा दाखवतेय.

"बाकीचे दाखवा," ते म्हणाले. "तीन तरी दाखवा."

"गरज नाही, काका. रिपोर्टप्रमाणे हाच लागेल."

"दाखवा हो. बघायला काय जातंय."

बाईंनी नाइलाजाने दुसरं मशीन काढलं. प्रवासात न्यायचं, तळहातावर मावणारं. त्याची किंमत ऐकून गादीवाल्यांचे डोळे पांढरे झाले आणि मनात ते खुदकन हसले. सगळं अगदी पाठ्यपुस्तकासारखं चाललं होतं. मग तिसरं आलं. छोटंसं मशीन आणि मास्क तर नावालाच, नाकपुड्यांना टेकणारी दोन मऊ रबरी बोंडं आणि कानामागून जाणारी एक पट्टी. तोंड पूर्ण मोकळं.

"हाच," गादीवाले म्हणाले.

"तोंड उघडून झोपणाऱ्याला हा चालत नाही," बाई म्हणाल्या. "हवा नाकातून आत जाईल आणि तोंडातून बाहेर येईल."

गादीवाल्यांनी कौतुकाने मान हलवली. खरी वस्तू नको नको म्हणत शेवटपर्यंत मागे ठेवणं हे त्यांनाही जमायला बरीच वर्षं लागली होती. "पोरगी तयार आहे," जिना उतरताना ते बायकोला म्हणाले. "पण मी कुणाच्या बापाला ऐकणार नाही." बायकोने कपाळाला हात लावला. मशीन आठवडाभर वापरून बघायचं आणि नाही जमलं तर बदलून न्यायचं, असं ठरलं होतं.

पहिली चाचणी रविवारी दुपारी झाली. गादीवाले मोठ्या गादीवर उताणे झोपले, बोंडं नाकाला लावली, मशीन सुरू केलं. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, तू विमान चालवणार आहेस का?"

गादीवाल्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्द यायच्या आत नाकातून शिरलेली हवा तोंडातून सुसाट बाहेर पडली आणि खुर्चीवर वाळत टाकलेला रुमाल हलला. शब्द आला तो फक्त "फ्फफ्फ" एवढाच. मुलगी हसता हसता जमिनीवर बसली. त्यांनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, पुन्हा वारा सुटला. आपण दिवसभरात किती वेळा तोंड उघडतो याचा त्यांना आजवर अंदाज नव्हता. आता दर वेळी वर्दी मिळत होती.

सोमवारी सकाळी जीभ पायपुसण्यासारखी झाली होती आणि पडद्यावरचा चेहरा पडलेला होता. "आधी आवाज होता, आता वादळ आहे," बायको पहाटे बस काढायला निघताना म्हणाली. "मधेमधे शांतही होतं. मला ते शांत नको आहे."

"सवय व्हावी लागते," गादीवाले म्हणाले. नव्या गादीने पाठ दुखते म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्यांना ते हेच सांगतात.

सवय काही होईना. मग मुलीने सुचवलं की तोंड उघडतंय ना, बांधून टाक. गादीवाल्यांना कल्पना पसंत पडली. बायकोचा लोकरी स्कार्फ त्यांनी हनुवटीखालून घेतला आणि टाळूवर गाठ मारली. गाठीची दोन टोकं सशाच्या कानांसारखी वर उभी राहिली. त्यावर मास्कची पट्टी आणि नाकातून लोंबणारी नळी. दुपारी जेवायला घरी आल्यावर या अवतारात ते आडवे व्हायला निघाले तोच दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे मास्तर शिडी मागायला आले होते. दार उघडल्यावर त्यांनी गादीवाल्यांकडे खालून वर आणि वरून खाली पाहिलं. गादीवाल्यांनी बोलायचा प्रयत्न केला, पण स्कार्फ घट्ट होता, त्यामुळे फक्त डोळे मोठे झाले.

"तुम्ही कामात दिसता," मास्तर म्हणाले आणि उलट्या पावली जिना उतरले. शिडी त्यांनी अजून मागितलेली नाही.

स्कार्फनेही काही भागलं नाही. सकाळपर्यंत तो घसरून डोळ्यांवर आला होता. जाग आल्यावर समोर काळोख बघून गादीवाल्यांना वाटलं आता दिसणंही गेलं. त्यांनी मुलीला हाका मारल्या. ती आली, स्कार्फ वर केला आणि चहा ठेवायला निघून गेली. पडद्यावरचा चेहरा पडलेलाच.

 या सगळ्यात बायकोने आपल्या उशीला धुतलेला अभ्रा घातला होता आणि रोज पहाटे उठली की ती उशी मागच्या खोलीच्या दाराजवळच्या खुर्चीवर आणून ठेवायची. मग गणवेश चढवून ती मशीनचा पडदा बघायला यायची. चेहरा बघायची आणि जाताना उशी उचलून पुन्हा खाटेवर ठेवायची. गादीवाल्यांनी हे एकदा अर्ध्या डोळ्यांनी पाहिलं. मशीनवाल्या बाईंना आपण हुशारीत मागे टाकलं याचा आनंद त्या क्षणी संपला.

आठवडा पुरा व्हायच्या आतच ते मशीन काखेत मारून एकटे त्या जिन्यावर गेले.

"बाई, मला एक खरं सांगा," ते म्हणाले. "तुम्ही पहिला मास्क तो मोठा का दाखवलात?"

"तो तुमचा होता म्हणून."

"पण पहिला कधी खरा दाखवतात का?"

बाईंना प्रश्न कळला नाही. "मग खोटा कशाला दाखवायचा?"

गादीवाले खाटेवर टेकले. त्यांनी तीन गाद्यांचं सगळं तत्त्व पहिल्यापासून सांगायला घेतलं. नाक मुरडणं सांगितलं, डोळे पांढरे होणं सांगितलं. बाईंनी तोवर मोठा मास्क त्यांच्या तोंडावर बसवला, चारी पट्ट्या सारख्या केल्या, गालाशी कुठे हवा निसटत नाही ना ते बोट फिरवून पाहिलं. मास्कच्या आतून तत्त्व चालूच होतं, पण बाहेर नुसती बुडबुड ऐकू येत होती.

"आडवे व्हा," बाई म्हणाल्या. "बोलायचं तर बोला हवं तेवढं. हवा जाणार नाही."

"तसं नाही," गादीवाले आडवे होत म्हणाले, "तुम्ही खरी वस्तू पहिल्यांदाच पुढे ठेवता, गिऱ्हाईकाला एकच दाखवता, मग तुमचा धंदा..."

ते बोलता बोलता झोपले. बाईंनी त्यांना उठवलं नाही. त्यांनी मशीनच्या पडद्यावर नजर टाकली, खाटेभोवतीचा पडदा अर्धा ओढला आणि दुसरी कामं करायला लागल्या. पेशंट आले, खुर्च्यांवर बसले, आपापसात हळू आवाजात बोलत राहिले. खाटेवरून आवाज म्हणून नव्हता, फक्त हवेची बारीक सळसळ. शेवटी एक आजीबाई हातातली पर्स सांभाळत खाटेपाशी गेल्या. त्यांनी गादीवाल्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि फळीवरच्या मुंडक्यांकडे एकदा पाहिलं.

"याचं तर अख्खं शरीर केलंय," त्या मशीनवाल्या बाईंना म्हणाल्या. "आणि किती हुबेहूब. मला असाच मास्क द्या."

गादीवाल्यांनी डोळे उघडले, उठून बसले आणि मास्कच्या आतून म्हणाले, "...चालतो कसा?"

आजीबाई मागच्या खुर्चीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. त्यांना पाणी दिलं. पुढे त्यांनी तोच मास्क घेतला आणि विक्रीचं श्रेय गादीवाले आजही स्वतःकडे घेतात.

गादीवाल्यांनी मोठा मास्क घरी नेला. दुसऱ्या दिवशी पहाटे बायको गणवेश घालून मशीनच्या पडद्यापाशी आली. तिने वाकून पाहिलं. मग नखाने पडद्यावर दोनदा टकटक केलं, घड्याळ बंद पडलंय का बघतात तसं. चेहरा हसतच राहिला.

"बरं," ती म्हणाली, आणि उशी खुर्चीवरच ठेवून बसवर गेली.

त्या रात्री ती उशी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. पूर्वी झोपायची त्याच बाजूला ती झोपली, थोडी हलली, पुन्हा हलली. "गादी खरंच चांगली आहे हो," ती म्हणाली. या वाक्यासाठी गादीवाले काही वर्षं थांबले होते. कापसाचा थर, वरचा फोम, खालच्या स्प्रिंगा, सगळं भाषण त्यांच्या जिभेवर तयार होतं. पण मास्क लावून झाला होता, आतून नुसतं बुडबुडलं, म्हणून बायको वाचली.

सकाळी गादीवाले तिच्या आधी जागे झाले. असं लग्नानंतर प्रथमच घडत होतं. खिडकीच्या पडद्यावर उजेड आला होता. डोकं हलकं होतं, अंग हलकं होतं, आपण चांगले झोपलो हे त्यांना हाडांपर्यंत जाणवत होतं. ते खूश होऊन छताकडे बघत पडले आणि तेवढ्यात त्यांना आवाज आला. खुर्र, मग थोडं थांबून फुस्स. पुन्हा खुर्र, पुन्हा फुस्स.

मशीन गळतंय. त्यांनी मास्क गालाशी चाचपला. घट्ट होता. नळी दोन्ही टोकांना दाबून पाहिली. मशीनमधलं पाण्याचं छोटं भांडं नीट बसलंय ना ते पाहिलं. मशीनला कान लावला. मशीनवाल्या बाईंना सांगायची तक्रार त्यांच्या मनात सुरुवातीपासून शेवटापर्यंत तयार झाली. "पहिला दाखवलात, चांगला दाखवलात, पण आवाज करतोय," इथून ती सुरू होत होती. शेवटी त्यांनी मशीन बंद केलं आणि मास्क काढला.

खुर्र. फुस्स.

गादीवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं. मुलीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे तोंड करून गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं होतं.

त्यांना आधी आनंद झाला, आणि तो अगदी हलक्या प्रतीचा होता. इतकी वर्षं घरात घोरणारा म्हटलं की सगळी बोटं त्यांच्याकडे वळायची. यांच्या गदारोळात तिचं कुणाला ऐकूच गेलं नव्हतं, आणि पुढे ती एकटी झोपायला लागल्यावर ऐकणार कोण? हे मुलीला सांगायचं, कॅशियरला सांगायचं, मास्तरांना शिडी नेऊन देता देता सांगायचं. त्यांची जीभ वळवळायला लागली.

आणि आवाज थांबला.

गादीवाले होते तसे थिजले. त्यांनी स्वतःचा श्वास धरला. तिच्या खांद्याकडे बघत राहिले. खांदा हलत नव्हता, की हलत होता, त्यांना नीट दिसेना. कोपर मारावं का? हात उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला. मग बायकोने कूस बदलली, ओठ मिटून पुन्हा उघडले, आणि खुर्र. गादीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. तरी ते बसून ऐकत राहिले. आवाज एका चालीत येत होता, एका चालीत जात होता. कुठे अडत नव्हता, कुठे दचकत नव्हता. ते खूप वेळ ऐकत होते, तो एकदाही पुन्हा थांबला नाही.

एकदा थांबला तर आपली ही गत झाली. हिने हे असं रात्रीमागून रात्री ऐकलं, कोपर मारून मारून आपल्याला या जगात ठेवलं, आणि पहाटे उठून शहराला कामावर पोचवलं. मागच्या खोलीत गेली तरी दार उघडं ठेवून तिकडून ऐकत राहिली. अजून अधांतरी असलेला हात गादीवाल्यांनी अलगद खाली घेतला.

बायको चाळवली. ती आता उठेल हे त्यांनी ओळखलं. आणि स्वतःलाही ते ओळखून होते. ती उठून "झोप झाली का" विचारेल आणि आपण सांगून टाकू. सांगायचं नाही असं ठरवूनही सांगू, वर हसू. आणि दुसऱ्याची झोप मोडणं तिला कधी खपलेलं नाही. तिला कळलं की ती आजच उशी उचलेल, आणि या वेळी मागच्या खोलीचं दार लावून घेईल, आपल्याला आवाज जाऊ नये म्हणून. यांच्या तोंडात तीळ भिजायचा तर तोंडावर झाकणच हवं होतं.

गादीवाल्यांनी घाईघाईने मास्क नाकातोंडावर चढवला, पट्ट्या लावल्या आणि मशीन सुरू केलं. बायकोने डोळे उघडले.

"झोप लागली का नीट?" तिने विचारलं. "काही आवाज वगैरे झाला का रात्री?"

गादीवाल्यांनी मास्कच्या आतून मान हलवली. नाही.

"मग बरं," ती म्हणाली. "आज सुट्टी आहे, मी पडते अजून थोडी." तिने पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं आणि त्यांच्या दंडावर हात ठेवून डोळे मिटले. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला. गादीवाल्यांनी मोकळ्या हाताने मास्कचा पट्टा आणखी थोडा आवळला आणि ऐकत पडून राहिले.